वैशाखासाठी पेरणी

श्रावणात रालामंडलच्या टेकडीवर जाऊन आलेला माणूस सांगतो, की तिथल्या हरणांना कशाचीच ददात नाही. त्याचं खोटं नसतं. इंदूरच्या बायपासपलीकडचं हे छोटं अभयारण्य पावसाळ्यात गुडघाभर हिरवं असतं. माथ्यावर होळकरांच्या काळातली शिकारीची कोठी, उतारावर सागवान, आणि पायथ्याच्या मोकळवनात माना खाली घालून चरणारी चितळं. पण त्याच माणसाने अक्षय्यतृतीयेच्या सुमारास पुन्हा जावं. सागाची पानं गळून गेलेली असतात, गवत भुश्यासारखं कुरकुरीत झालेलं असतं, आणि तीच चितळं झाडाखाली पडलेलं एकेक फूल, एकेक शेंग वेचत फिरत असतात. हरणांसाठी काय लावायचं, या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या फेरीत मिळतं. पहिल्या फेरीत फार तर फोटो मिळतात.

रालामंडल १९८९मध्ये अभयारण्य झालं. त्याआधी ते राजेलोकांचं शिकारीचं रान होतं. माळव्यात गवताची राखण ही जुनी रीत आहे. संस्थानांनी राखलेल्या गवताळ रानांना इकडे ‘बीड’ म्हणतात. घोड्यांना, हत्तींना, गुरांना चारा हवा आणि शिकारीला जनावर हवं, म्हणून बीड राखले जायचे. रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याचा बीड आणि धार जिल्ह्यातलं सरदारपूर ही दोन्ही ठिकाणं १९८३मध्ये खरमोर पक्ष्यासाठी अभयारण्यं झाली, ती गवतामुळेच. बहुतेक बीड मात्र नांगराखाली गेले. जिथे मारवेल डोलायचं तिथे आता सोयाबीन उभं आहे. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही इंदुरातच आहे, यावरून या पिकाने माळवा किती व्यापला आहे ते लक्षात यावं.

हरणांच्या बाजूने पाहिलं, तर त्यांचं जेवणाचं ताट उचलून तिथे दुसऱ्याचं ताट मांडलं गेलं. शाजापूर, उज्जैन, आगर या पट्ट्यातले शेतकरी काळविटांनी आणि रोजड्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हैराण आहेत. रात्र रात्र जागून राखण करणाऱ्याचा संताप समजण्यासारखा आहे. २०२५च्या ऑक्टोबरात शाजापूर भागात हेलिकॉप्टरने हाकारा करून, नरसाळ्याच्या आकाराच्या ‘बोमा’ कुंपणात घालून आठशेहून अधिक काळविटं पकडली आणि दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडली. मंदसौर-नीमचकडच्या गांधीसागर अभयारण्यात तर आधीपासूनच चितळं आणून सोडली जात होती, कारण २० एप्रिल २०२५ रोजी तिथे दोन चित्ते सोडले गेले, आणि चित्त्याला तीन-चार दिवसांनी एक शिकार लागते. जनावर ट्रकमधून नेता येतं. त्याचं कुरण मात्र ट्रकमधून नेता येत नाही, ते तिथेच घडवावं लागतं. म्हणून हा विषय आज माळव्यात इतका निकडीचा आहे.

या विषयावरचं जगातलं बरंचसं लिखाण अमेरिकेतलं आहे. तिथे शिकारी आणि जमीनमालक पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी छोटे तुकडे पेरतात: क्लोव्हर, चिकोरी, ओट, सलगम. त्यांच्यापुढचा प्रश्न बर्फाचा असतो. जानेवारीत जमीन गोठली, की हरणाला खायला काय उरेल? सलगमाची पानं थंडीचा तडाखा बसल्यावर गोडसर होतात, म्हणून ती यादीत वर असतात. ही यादी जशीच्या तशी उचलून माळव्यात आणली तर फसगत ठरलेली. आपल्याकडे शिकारीला १९७२च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हेतूही वेगळा आणि उपासमारीचा महिनाही वेगळा. त्यांचा कठीण काळ पौष-माघ. आपला फाल्गुनात सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत संपत नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती मोलाची आहे: आधी कठीण महिना ओळखा, मग बी निवडा.

हा महिना इतका कठीण का असतो, ते हरणाच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या पोटाला चार कप्पे असतात आणि पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव नांदतात. गवतातला तंतू पचवण्याचं काम ते करतात, आणि त्यांनाही नत्र लागतं, म्हणजे चाऱ्यात प्रथिनं लागतात. कोरड्या चाऱ्यात प्रथिनांचं प्रमाण साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेलं, की सूक्ष्मजीवांची वाढ खुंटते आणि पचन मंदावतं. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात प्रथिनं याहून बरीच जास्त असतात. उन्हाळ्यात उभं वाळलेल्या गवतात ती ३-४ टक्क्यांवर येतात. अशा वेळी हरणासमोर गवताचा ढीग असला तरी उपयोग नाही. पोट फुगतं, पण अंगी लागत नाही. पाडस अंगावर पिणारी मादी असेल तर तिचं दूध आटतं. मे महिन्यात कुरणात भरपूर गवत उभं आहे, असं अहवालात लिहिलेलं असतं तेव्हा मला नेहमी विचारावंसं वाटतं: गवत आहे हे खरं, पण कसलं?

याच पोटाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. शाळेच्या सहलीत एका प्राणिसंग्रहालयात आम्ही डब्यातल्या पोळ्या जाळीतून हरणांना भरवल्या होत्या. गुरुजींनाही त्यात वावगं वाटलं नाही. जाळीला नाक लावून पोळी ओढून घेणाऱ्या त्या चितळाचे ओठ मला अजून आठवतात. त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, की पिठाचा, धान्याचा मोठा घास अचानक पोटात गेला की सूक्ष्मजीव तो भराभर आंबवतात, लॅक्टिक आम्ल साचतं, आणि जनावर त्याने मरूही शकतं. लग्नातलं उरलेलं अन्न अभयारण्याच्या कडेला टाकणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. गहू, मका, शिळ्या पोळ्या हा हरणाचा चारा नाही.

आणि हरीण म्हणजे लहान गाय नव्हे. गाय जिभेचा वेढा घालून गवताचा पुंजका उपटते. हरणाचं तोंड निमुळतं. ते ओठांनी निवडून, खालच्या दातांनी आणि वरच्या कडक हिरडीने हलकेच तोडतं, कारण वरचे पुढचे दात दोघांनाही नसतात. त्यातही प्रत्येकाची आवड वेगळी. काळवीट आणि बाराशिंगा मुख्यतः गवतावरचे. भेकर आणि चौशिंगा कोवळी पानं, फुलं, फळं टिपणारे. सांबर पाल्याकडे झुकणारं. चितळ मधलं: पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात पाला आणि फळं. (काटेकोर बोलायचं तर काळवीट आणि नीलगाय ही हरणं नाहीत. त्यांची शिंगं जन्मभर टिकतात, चितळ-सांबराची दरवर्षी गळून नवी येतात. मराठीने मात्र काळविटालाही हरीणच म्हटलं आहे, मीही म्हणतो.) पाला खाणाऱ्या हरणांच्या लाळेत टॅनिनला बांधून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यामुळे गाय ज्या तुरट पानांना नाक मुरडेल ती हरीण खाऊ शकतं. डेअरीसाठी लिहिलेली चारापिकांची पुस्तिका हरणांना लावली की गणित इथे चुकतं.

आता गवताकडे येऊ. या कामात आपल्या हाताशी एक उत्तम नकाशा आहे, आणि तो काढणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभरच्या गवताळ प्रदेशांची पाहणी संकलित करून १९७३मध्ये ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी भारतातल्या गवताचे पाच मोठे पट्टे ठरवले. महाराष्ट्राचं पठार, विदर्भ आणि माळवा हे सगळं एकाच पट्ट्यात येतं, सेहिमा-डायकॅन्थियमच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर पवन्या आणि मारवेल यांच्या राज्यात. इंदूरला काय लावावं याचं निम्मं उत्तर या दोन नावांत आहे.

मारवेल ओळखायला सोपं. काडी हातात धरून पेर पाहा. पेरावर पांढऱ्या बारीक केसांचं कडं असतं, आणि शास्त्रीय नावातला ‘अॅन्युलेटम’ हा शब्द त्या कड्यावरूनच आला आहे. काळ्या, ओल धरणाऱ्या मातीत ते जोमाने येतं, चरल्यावर पुन्हा फुटतं, आणि कोवळं असो वा निबर, हरणं ते सोडत नाहीत. पाणथळ काळ्या जमिनीत त्याच्या जोडीला मुशान लावावं. रालामंडलच्या उतारासारख्या मुरमाड जागी मारवेल रुसतं. तिथे पवन्या आणि डोंगरी गवत बरं. सपाट, तुडवलेल्या जागी हरळी आपोआप पसरते. ती खुरटी दिसते, पण दहिवरावरही हिरवी राहते आणि चितळांना भारी प्रिय.

कुसळीबद्दल मात्र मतभेद आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती चांगला चारा असते. पण फुलोऱ्यानंतर तिच्या बियांना येणारं कुसळ एकदा ओल्या तळहातावर ठेवून पाहा. पिळलेला दोरा उलगडावा तसं ते गोल फिरू लागतं. दमट हवेत उलगडायचं, कोरड्यात पुन्हा पिळायचं, असं करत ते बी जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. तसंच जनावराच्या हिरडीतही शिरतं. म्हणून कुसळीचं रान असेल तर ती फुलण्याआधी कापावी, आणि मुद्दाम पेरू नये. तिखाडीची, म्हणजे रोशा गवताची, पानं चोळली की वास दरवळतो. तेल काढायला ते उत्तम, पण त्या तेलामुळेच हरणं त्याला तोंड लावत नाहीत. एखाद्या कुरणात तिखाडी वाढत चालली असेल, तर तिथली चांगली गवतं जास्त चरली गेली असं समजावं.

संकरित नेपिअर हरणांसाठी लावावं का, असं मला अनेकांनी विचारलं आहे. नको. ते पाण्यावर आणि खतावर वाढतं, माणसाने वेळेवर कापलं तरच कोवळं राहतं, नाहीतर उसासारखं जाडजूड होतं. सुबाभूळ झटपट वाढते आणि तिच्या पानांत प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन नावाचं द्रव्यही असतं. ते पचवणारे खास सूक्ष्मजीव पोटात नसतील तर जास्त खाल्ल्याने केस गळतात. शिवाय सुबाभूळ एकदा शिरली की रान तिचंच होतं.

वेडी बाभूळ तर लांबच ठेवावी. गुजरातेत वेळावदरच्या काळविटांच्या राष्ट्रीय उद्यानात तिच्या गोड शेंगा काळवीट आणि नीलगाय आवडीने खातात, आणि लेंड्यांतून बिया गवताळ रानात पेरतात. ज्या गवतावर काळवीट जगतं त्याच गवताचा घास घेणारं झाड काळवीटच लावत सुटतं. हरणासाठी झाड निवडताना हे विसरू नये: आपण एक लावू, ते शंभर लावील.

खरी लागवड सुरू होते ती पेरण्याआधीच्या उपटण्यापासून. उठलेल्या गावाची शेतजमीन किंवा अति चराईचं माळरान घ्या. पहिल्या पावसात तिथे तरोटा, रानतुळस आणि गाजरगवत माजतं, कडेने घाणेरी पुढे सरकते. यातलं काहीच हरीण मनापासून खात नाही. तरोटा आणि रानतुळस शेंगा-बोंडं धरण्याआधी, भाद्रपदाच्या आत, उपटावी लागते, आणि तेही ओळीने तीन वर्षं, कारण मातीत बियांचा साठा असतो. एक वर्ष केलं आणि सोडलं, तर मजुरी वाया. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी यावर साधी युक्ती प्रचारात आणली. खोडाच्या बुडाशी माती थोडी उकरायची, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली, जमिनीत चार-पाच सेंटिमीटरवर, मुख्य मूळ तोडायचं, आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. मुळं आकाशाकडे. मग ते पुन्हा धरत नाही.

विदर्भात, मेळघाटात, हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. पुनर्वसनानंतर रिकाम्या झालेल्या गावठाणांवर आणि शेतांवर कुरणं उभी राहिली. अमरावती जिल्ह्यातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक गजानन मुरतकर यांनी त्यासाठी वनरक्षकांना गवत ओळखायला शिकवलं, आणि हे शिकणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाघाचा पंजा ओळखणारे पुष्कळ असतात. मारवेल आणि तिखाडी अंधारात वासावरून वेगळी सांगणारा वनरक्षक मात्र कुरण वाचवतो. मध्य प्रदेशातल्या व्याघ्रप्रकल्पांनीही मुरतकरांचं मार्गदर्शन घेतलं.

मध्य प्रदेशातल्याच कान्ह्याची गोष्ट तर याहून जुनी आहे. १९७०मध्ये तिथे कठीण जमिनीवरचे बाराशिंगे अवघे ६६ उरले होते, आणि ही उपजात जगात दुसरीकडे कुठेच उरली नव्हती. बाराशिंग्याला चरायला गवत लागतं, तसंच पाडस लपवायला उंच गवत लागतं. गावांची गुरं आणि आगी यांनी उंच गवत राहू दिलं नव्हतं. गावं हलली, सोंफसारख्या गावांच्या जागी गवत पुन्हा डोक्याएवढं झालं, कुंपणात सुरक्षित पैदास झाली, आणि कळप हळूहळू वाढला. पुढे तिथून सातपुड्यात आणि बांधवगडलाही बाराशिंगे नेता आले. म्हणून कुरण आखताना सगळं एकसारखं कापून हिरवळ करू नये. एक पट्टा आखूड, शेजारचा उंच. पुढल्या वर्षी अदलाबदल. चितळालाही मोकळवनाच्या मधोमध चरायला भीती वाटते. झाडोऱ्यापासून दोन उड्यांच्या अंतरात त्याचं मन रमतं. त्यामुळे एक मोठा चौकोन करण्यापेक्षा नाल्याच्या कडेने वाकडेतिकडे जाणारे लांबट तुकडे जास्त वापरले जातात.

किती हरणांना किती रान, याचाही हिशेब मांडावा. समजा, सुधारलेल्या कुरणात हेक्टरी दोन टन कोरडा चारा येतो. त्यातला निम्मा जमिनीसाठी आणि पुढच्या फुटीसाठी सोडायचा. उरला एक टन. पन्नास किलोची चितळ मादी दिवसाला आपल्या वजनाच्या दोन-तीन टक्के, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास कोरडा चारा खाते. वर्षाचे झाले साडेचारशे किलो. म्हणजे एका हेक्टरात दोन चितळं. रालामंडलसारख्या काही शे हेक्टरांच्या आणि बऱ्याचशा झाडोऱ्याच्या रानात हा आकडा लवकर गाठला जातो. बिबट्याचा वावर असेल तर बरंच. अंदमानात इंग्रजांनी चितळं सोडली, खाणारं जनावर तिथे नव्हतं, आणि त्यांनी बेटांवरच्या जंगलातली नवी रोपं वाढूच दिली नाहीत.

आता वैशाखाकडे वळतो, कारण गवत कितीही चांगलं निवडलं तरी ते वैशाखात वाळणारच. हा खड्डा झाडांनी भरायचा. पंचांग मांडून पाहू. मार्गशीर्षापासून बोरं. त्याच सुमारास आवळा, तो माघापर्यंत. फाल्गुनात पळसाची फुलं. चैत्रात मोह: पहाटे टपटप पडणारी फुलं वेचायला माणसं येण्याआधी चितळं आणि अस्वलं येऊन गेलेली असतात. चैत्र-वैशाखात उंबर. उन्हाळाभर साध्या गावठी बाभळीच्या शेंगा, ज्या शेळ्यांइतक्याच हरणांनाही आवडतात. आणि अंजन. निमाड-खानदेशच्या खडकाळ रानातलं हे झाड भर उन्हात लालसर कोवळी पालवी काढतं, आणि ती गुरांपासून हरणांपर्यंत सगळ्यांना चालते. इंदूरचा घाट उतरून खरगोन-खंडव्याकडे गेलं, की अंजनाचं रान भेटतंच. रोपं आणायला लांब जायला नको. गवतात प्रथिनं संपलेली असतात तेव्हा ही पालवी आणि शेंगा पोटातल्या सूक्ष्मजीवांना जगवतात, आणि मग तेच वाळलेलं गवतही थोडंफार पचू लागतं. गवताच्या मधोमध नको, पण कडेकडेने, पाणवठ्याच्या वाटेवर ही झाडं हवीत. पहिली चार-पाच वर्षं काटेरी कुंपण लागेल, कारण रोप हरणासाठीच असलं तरी हरीण ते लगेच खाईल.

झाडावर वानरं असतील तर दुधात साखर. वानर अर्धं खातं आणि अर्धं टाकतं. खाली चितळं उभी असतात. कान्ह्यात हे कुणालाही दिसतं, आणि उन्हाळ्यात चितळं वानरांच्या टोळीमागे का फिरतात ते तेव्हा कळतं.

गवताचं बी दिवाळीच्या आसपास धरतं. मारवेलचं बी हलकं, केसाळ. वारा असला की हातातून उडतं, म्हणून सकाळी दहिवर असताना ओरबाडून गोणपाटावर वाळवायचं. ताजं बी नीट उगवत नाही, त्याला काही महिने मुरावं लागतं, आणि हे एका परीने सोयीचंच आहे. शेण-मातीत कालवून मृगाच्या तोंडावर टाकायचं, मातीने फार झाकायचं नाही. जिथे घाई आहे तिथे जुन्या गवताची ठोंबं फाडून, पहिला चांगला पाऊस झाल्यावर हात-दीड हाताच्या अंतराने लावायची. पहिल्या वर्षी त्यावर जनावर जाऊ द्यायचं नाही.

आवळ्याला मात्र आपली तेवढी गरज नाही. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात संशोधकांनी पाहिलं, की चितळ आवळा अख्खा गिळतं, आणि दुपारी सावलीत बसून रवंथ करताना त्याची कठीण आठोळी तोंडातून बाहेर टाकून देतं. आठोळी उन्हात वाळते, तडकते, आणि आतलं बी मोकळं होतं. रालामंडलला थंडीच्या दिवसांत आवळे पडत असतील तेव्हा, चितळं दुपारी जिथे बसतात त्या झाडाखाली वाकून पाहावं. पाचोळ्यात सहा कंगोऱ्यांच्या, फिकट रंगाच्या आठोळ्या सापडतील.